मृत्यूच्या कारणाचा रकाना

दवाखान्याच्या नोंदी विभागात एकतीस वर्षं काढून बाई निवृत्त झाल्या, तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमात मोठे डॉक्टर म्हणाले होते, "रोगी आम्हाला विसरतात, आम्ही रोग्यांना विसरतो. रजिस्टरबाई कुणालाच विसरत नाहीत." रजिस्टरबाई हे नाव त्यांना तिथेच पडलं आणि घरापर्यंत येऊन चिकटलं. दूधवालासुद्धा त्यांना त्याच नावाने हाक मारायचा. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. दोन खोल्यांचं घर आरशासारखं लख्ख असायचं. निवृत्तीनंतरचे चार महिने त्यांनी कपाटं आवरण्यात घालवले, आणि आवरायला काही उरलं नाही तेव्हा खायला उठलेला दिवस त्यांना पहिल्यांदा कळला.

म्हणून भाचीचा फोन आला तेव्हा त्यांना बरं वाटलं. भाची म्हणजे धाकट्या भावाची एकुलती एक मुलगी. लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेलेली, आता पाचवा महिना लागलेला.

"आत्या, तुझ्यासारखी बाई घरात असून मला पणजोबांचं नाव माहीत नाही, शोभतं का हे?" ती म्हणाली. "मला वंशावळ करून दे. छान मोठी, बाळाच्या खोलीत लावण्यासारखी."

"वंशावळ म्हणजे काय तोरण आहे का लावायला?" बाई म्हणाल्या, पण फोन ठेवताच चपला घालून कोरी कार्डं आणायला बाहेर पडल्या.

त्यांची पद्धत ठरलेली होती. माणसामागे एक कार्ड. वर नाव, खाली जन्म, लग्न, मृत्यू, आणि शेवटचा रकाना मृत्यूच्या कारणाचा. ऐकीव गोष्ट पेन्सिलीने लिहायची, कागदाचा पुरावा हाती आला की शाईने. दीड महिन्यात बुटांच्या खोक्यात सदतीस कार्डं उभी राहिली. दूरच्या मावश्या, चुलत आत्या, कुणाकुणाच्या सासरची माणसं, सगळ्यांना फोन करून बाईंनी भंडावून सोडलं. माणसंही बोलायला उत्सुक होती. कुणाच्या आजीने कसा संसार केला, कोण कुणाशी का बोलत नव्हतं, हे सांगताना कुणाला फोन ठेववत नव्हता. फक्त वडिलांकडच्या चार माणसांचा विषय निघाला की बोलणारे एकदम घाईत यायचे. गॅसवर काहीतरी असायचं, नाहीतर दारात कुणीतरी आलेलं असायचं.

ती चार कार्डं पेन्सिलीतच राहिली. पणजोबा, नदीत बुडून. आजोबा, पक्षाघाताने. आजोबांची बहीण, डोक्यावर परिणाम होऊन. तिला घरात नाचरी आत्या म्हणत. लहानपणी मुलं तिची नक्कल करायची, हात उडवत, वाकडे पाय टाकत अंगणभर फिरायची, आणि आई पाठीत धपाटे घालायची. नक्कल केली तर इतकं का मारायचं, हे तेव्हा बाईंना कळलं नव्हतं. चौथं कार्ड वडिलांचं. दारू पिऊन जिन्यावरून पडले.

एका दुपारी बाईंनी सगळी कार्डं मृत्यूच्या वयाप्रमाणे लावून पाहिली. सहज, जुन्या सवयीने. घराणं चिवट होतं. बहुतेक जण ऐंशी पार करून, सगळ्यांना कंटाळा आणून गेले होते. ही चारच कार्डं वेगळी पडली. शेहेचाळीस, एकोणपन्नास, चव्वेचाळीस, पंचेचाळीस. बाईंनी ती पुन्हा खोक्यात ठेवली, चहा केला, आणि चहा निवेपर्यंत खिडकीशी उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्या नोंदणी कार्यालयात गेल्या. तिथल्या कारकुनाने आधी टाळाटाळ केली, पण बाईंनी कोणतं बाड कोणत्या मांडणीवर असेल हे त्यालाच सांगितलं, तेव्हा तो निमूट उठला. कसर लागलेल्या पानावर पणजोबांची नोंद सापडली. 'पाण्यात बुडून. मयतास दोन-तीन वर्षे चालताना तोल राहत नसे, हातपाय आपोआप हलत, असे मुलाने सांगितले.' बाईंनी ते अक्षर न अक्षर उतरवून घेतलं.

मनोरुग्णालयात त्यांची जुनी ओळख होती. तिथे नोंदी सांभाळणाऱ्या बाईने तळघरातून फितीने बांधलेला गठ्ठा काढून दिला आणि म्हणाली, "इथे बसूनच वाच. बाहेर नेलंस तर माझी नोकरी जाईल." नाचरी आत्या तिथे पाच वर्षं होती. दाखल करताना डॉक्टरने लिहिलं होतं, 'अंगाची सतत अनिच्छेने हालचाल. झोपेत थांबते. बोलणे अस्पष्ट. स्मृती बरी. आपल्याला हसतात हे तिला समजते.' खाली दुसऱ्या शाईत, वर्षभराने: 'हिच्या वडिलांस हाच आजार असल्याचे समजते. भावास सुरुवात.'

त्या वाक्यावर बाईंची नजर खिळून राहिली. भाऊ म्हणजे आजोबा. पक्षाघात झालेला माणूस लाकडासारखा पडून राहतो, हे त्यांनी एकतीस वर्षांत हजारदा वाचलं होतं. 'सुरुवात' असा शब्द पक्षाघाताला कुणी वापरत नाही.

घरी येऊन त्यांनी जुना कुटुंबाचा फोटो काढला. आजोबा मध्ये खुर्चीवर, भोवती सगळं गणगोत, पोरंसोरंसुद्धा श्वास रोखून स्थिर. भिंगातून पाहिलं तर प्रत्येकाची बटणं मोजता येत होती. आजोबांच्या मांडीवर मात्र हातांच्या जागी दोन धुरकट डाग होते. लहानपणापासून तो फोटो त्यांनी शंभरदा पाहिला असेल. फोटो खराब झालाय, असंच सगळे म्हणायचे.

मग वडील आठवायला लागले, आणि थांबेनात. ते गेले तेव्हा बाई एकवीस वर्षांच्या होत्या, भाऊ आठ वर्षांचा. वडील भिंतीला धरून घरी यायचे, ताटातला घास तोंडापर्यंत न्यायचे आणि तो खांद्यावर सांडायचा. आई म्हणायची, "आले बघा ढोसून." अडतीस वर्षं बाईंनी त्या माणसाचा राग केला होता. स्वतःच्या लग्नात त्यांचा फोटो लावू दिला नव्हता. आता खुर्चीत बसून त्या आठवून आठवून शोधत होत्या, एकदा तरी वास आला होता का? एकदा तरी बाटली दिसली होती? वास नव्हता. कधीच आला नव्हता.

रविवारी भाऊ आला. तो डोंगरावरच्या गावाला जाणारी बस चालवायचा, बावीस वर्षं एकच रस्ता. वय शेहेचाळीस, अंगाने उंचापुरा, स्वभावाने खट्याळ. आल्या आल्या त्याने खोक्यात डोकावून पाहिलं.

"काय ग ताई, मेलेल्यांची हजेरी झाली का घेऊन? आमचा नंबर कितवा?"

"बस आधी," बाई म्हणाल्या. "तुझ्या बसचा मिरर गेला म्हणे?"

"तुझ्या भावजयीच्या पोटात काही राहत नाही. अगं, भिंतीला घासला जरा. भिंतच पुढे आली, मी काय करू?" तो हसला. त्याने कप उचलला, आणि बशीवर चहाचा थेंब पडला. मग आणखी एक. बाई बोलत राहिल्या, भाचीची चौकशी, पाणी येतं का वेळेवर, आणि बोलता बोलता टेबलाखाली पाहत राहिल्या. त्याचा उजवा पाय टाचेवर उचलला जायचा, पडायचा. बोटं गुडघ्यावर पेटी वाजवल्यासारखी चालली होती. त्याचं तिकडे लक्षच नव्हतं.

"हल्ली झोप लागते का रे?"

"मेल्यासारखी," तो म्हणाला. "जागेपणीच जरा चिडचिड होते. वय झालं, ताई."

तो गेल्यावर बाईंनी टेबलावरचे चहाचे थेंब पुसले. मग तो कप धुऊन पालथा घालताना त्यांना रडू कोसळलं.

वडिलांच्या पिढीतले एकटे काका हयात होते. वडिलांचे सर्वांत धाकटे भाऊ, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, निवृत्त मुख्याध्यापक. गावाच्या दुसऱ्या टोकाला एका खोलीत एकटे राहायचे. लग्न केलं नाही, कुणाच्या लग्नाला गेले नाहीत. भावाच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला बाई स्वतः गेल्या होत्या, तरी आले नाहीत. त्यानंतर सव्वीस वर्षं जाणं-येणं जवळपास तुटलं होतं. तुसडा म्हातारा, असं म्हणून घराने त्यांना सोडून दिलं होतं.

बाईंनी त्यांच्यासमोर चार कार्डं ठेवली. काकांनी चष्मा लावला, एकेक कार्ड वाचलं आणि पत्ते पिसल्यासारखी एकत्र करून परत दिली.

"मढी उकरून काय मिळणार आहे तुला, पोरी?"

"बाबा दारू पीत होते का, काका?"

शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली.

"थेंबही नाही," ते म्हणाले. "तुझ्या आईने ठरवलं तसं सांगायचं. मला म्हणाली, भावोजी, दारुड्याच्या मुलांची लग्नं होतात. वेड्याच्या घरात कुणी मुलगी देत नाही."

"आणि तुम्ही ऐकलंत."

"माझ्या वडिलांचं, तुझ्या आजोबांचं, सगळं मीच केलं. पाच वर्षं. तेव्हाच्या डॉक्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं, हे रक्तातून येतं, मुलाला येईल किंवा येणार नाही, नाण्यासारखं. तुम्ही लग्न करू नका. मी केलं नाही." त्यांनी आपले दोन्ही हात पुढे धरले. म्हातारे, शिरा आलेले, पण निश्चल. "मला तो आजार झालाच नाही. साठीपर्यंत रोज सकाळी उठून हात बघत होतो. तुझ्या बापालाही सांगितलं होतं मी, पण तू तेव्हा झालेली होतीस. मग कितीतरी वर्षांनी तो धाकटा झाला."

"त्याच्या लग्नाच्या वेळी तोंड उघडायचं होतंत."

"त्यासाठीच निघालो होतो. कोपऱ्यापर्यंत आलो. मांडव दिसला, आणि परत फिरलो." काकांनी चष्मा काढला. "त्याला सुरू झालंय का?"

बाईंनी होकारार्थी मान हलवली. काकांनी उठून माठातलं पाणी भांड्यात घेतलं, आणि न पिता तसंच हातात धरून उभे राहिले.

भावाला सांगणं बाईंनी दोन दिवस पुढे ढकललं. तिसऱ्या दिवशी दुपारी आगाराच्या कँटीनमध्ये त्याला गाठलं. सगळं सांगितलं, कागद दाखवले, फोटो दाखवला. तो आधी हसला. मग हसू ओसरलं.

"म्हणजे बाबा..."

"नाही. कधीच नाही."

तो फोटोकडे पाहत राहिला. मग त्याचा चेहरा बदलला. बाईंनी तो चेहरा कधी पाहिला नव्हता, किंवा पाहिला होता, अडतीस वर्षांपूर्वी, दुसऱ्या कुणाचा.

"तुला माणसं दिसतच नाहीत ना ताई? फायली दिसतात. आता माझं कार्ड काढलंस का? माझी मुलगी पोटुशी आहे. तिला सांगितलंस तर याद राख."

"तिला काय सांगायचं ते नंतर बघू. तू उद्यापासून गाडी घेऊ नकोस. डॉक्टर काय म्हणतात ते कळेपर्यंत तरी."

"बावीस वर्षांत माझ्या हातून एक कोंबडी मेली नाही," तो म्हणाला. उठताना त्याचा हात उडाला आणि स्टीलचा पेला फरशीवर घरंगळत गेला. सगळं कँटीन वळून पाहायला लागलं. तो पेला न उचलता निघून गेला.

बाईंनी त्याच संध्याकाळी आगारप्रमुखाच्या नावाने पत्र लिहिलं. चार ओळींचं, स्वच्छ अक्षरात. सकाळी सहाला त्या आगारात पोचल्या, तर कार्यालयाला कुलूप. साहेब नऊला येतात, पहारेकरी म्हणाला. समोर डोंगराची बस उभी होती, इंजिन चालू. भाऊ चाकामागे बसलेला. शिक्षिका, नर्सा, दुधाच्या किटल्या घेतलेली माणसं चढत होती. बाईंना काही सुचेना. पत्र पर्समध्ये घालून त्या चढल्या आणि ड्रायव्हरच्या मागच्या आडव्या बाकावर बसल्या.

भावाने आरशात पाहिलं. कंडक्टरने तिकीट विचारलं तेव्हा भाऊ म्हणाला, "माझी बहीण आहे. दे शेवटपर्यंतचं."

सपाटीवर सगळं ठीक होतं. चढण लागली. डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला गुडघ्याएवढा कठडा आणि त्यापलीकडे नुसतं धुकं. बाईंची नजर त्याच्या पायांवर होती. क्लचवरचा पाय मध्येच फडफडायचा आणि बस किंचित आचके द्यायची. मागे दोन शिक्षिका कुणाच्या तरी सासूबद्दल हसत बोलत होत्या. एक म्हातारा खिडकीला डोकं टेकून घोरत होता. अडतीस माणसं आणि आपण, बाईंनी मोजलं. मोजायचं नव्हतं, पण मोजलं गेलं.

नवव्या वळणावर त्याचा उजवा हात स्टिअरिंगवरून उडाला. कुणीतरी खालून ढकलावा तसा. बस कठड्याकडे वळली. एक किटली सुटून गाडीभर आपटत गेली, शिक्षिकांचं हसणं तुटलं. त्याने दोन्ही हातांनी चाक ओढलं, ब्रेक दाबला, आणि बस कठड्याला पुढचं चाक लावून थांबली. खाली कुठेतरी दगड गडगडत जाण्याचा आवाज आला. बराच वेळ येत राहिला.

"काय उस्ताद, झोप लागली का?" कंडक्टर मागून म्हणाला.

भावाने आरशात बहिणीकडे पाहिलं. मग सावकाश गाडी मागे घेतली, डोंगराच्या कडेला लावली, इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला. किल्ली काढून कंडक्टरच्या हातात दिली.

"दुसरा ड्रायव्हर मागव. माझ्याच्याने पुढे जाणार नाही."

"पण झालंय काय?"

भाऊ चाकावर हात ठेवून समोर पाहत होता. "ताई," तो हळूच म्हणाला, "लोकांना सांग ना काहीतरी."

बाई उभ्या राहिल्या. "गाडी बिघडली आहे," त्या म्हणाल्या. "दुसरी येईपर्यंत सगळ्यांनी खाली उतरून डोंगराच्या बाजूला उभं राहा."

माणसं कुरकुरत उतरली. बाई आणि भाऊ रिकाम्या बसमध्ये बसून राहिले. पर्समधलं पत्र बाईंनी बाहेर काढलं नाही, त्याची गरज उरली नव्हती.

मज्जातंतूंच्या डॉक्टरांनी त्याला चालवून पाहिलं, बोटं एकेक करून टेकवायला लावली, रक्त घेतलं. सहा आठवड्यांनी त्यांनी हंटिंग्टनचा आजार असं नाव सांगितलं. औषधाने हालचाल थोडी कमी होईल, आजार थांबणार नाही. मुलीला येण्याची शक्यता निम्मी. "आणि तुमची तपासणी?" त्यांनी बाईंना विचारलं. "या वयात लक्षणं नाहीत, बहुधा सुटलात. पण खात्री हवी असेल तर करू." बाई नको म्हणाल्या. मला मूल नाही, त्या म्हणाल्या, कळून कुणाचं भलं होणार आहे. घरी येताना त्यांना वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा आपण एक रकाना मुद्दाम कोरा सोडला.

भाचीला भावानेच फोनवर सांगितलं. शेजारी बसलेल्या बाईंना पलीकडचा आवाज ऐकू येत नव्हता, फक्त भावाचं "हो... हो बाळ... नाही, तुझी चूक नाही" एवढंच कळत होतं. मग त्याने फोन बाईंकडे दिला.

"आत्या, ती वंशावळ नको पाठवूस," भाची म्हणाली.

"नाही पाठवत."

"माझी तपासणी करायची की नाही, हे मी बाळंतपणानंतर ठरवीन. तोवर मला कुणी विचारू नका." आणि फोन बंद झाला. ती त्या महिन्यात पुन्हा फोनवर आली नाही.

भावाची नोकरी कार्यालयातल्या खुर्चीवर गेली आणि सहा-सात महिन्यांत तीही जमेना. मधल्या काळात भाचीला मुलगी झाली. तपासणीचं तिने अजून काही ठरवलं नव्हतं, आणि सांगितल्याप्रमाणे कुणी विचारतही नव्हतं. भाऊ घरी बसू लागल्यावर एका सकाळी त्याच्या दारात काका उभे राहिले. हातात कपड्यांची पिशवी, काखेत गुंडाळलेली सतरंजी. या घराचा उंबरा त्यांनी कधी ओलांडला नव्हता. भावजयीने त्यांना ओळखलंच नाही, बाईंनीच पुढे होऊन आत घेतलं.

"मी राहायला आलोय," काका म्हणाले. "हे काम मला येतं."

भाऊ आतल्या खोलीत झोपला होता. झोपेत त्याचं अंग अगदी शांत असायचं. काकांनी दारातून त्याच्याकडे पाहिलं आणि दार अलगद लोटलं. मग स्वयंपाकघरात येऊन त्यांनी भावजयीला समोर बसवलं.

"पलंग काढून टाक, गादी जमिनीवर घाल. काचेचं सगळं वरच्या फळीवर. पातळ पाणी ठसक्यात जातं, घट्ट करून द्यायचं, बसवून, घाई न करता. तो भूक भूक करेल, कितीही खाल्लं तरी वाळत जाईल, त्यात तुझा दोष नाही." ते धडा शिकवावा तसे बोलत होते. "तो चिडेल. तुला नको नको ते बोलेल. ते बोलणारा तो नाही, हे भिंतीवर लिहून ठेव हवं तर."

भावजय पदराला हात पुसत ऐकत होती. "आणि मग?" तिने विचारलं.

काकांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी खाली पाहिलं.

"मग बोलणं जाईल," काका म्हणाले. "पण ऐकू येत राहतं, ग. शेवटपर्यंत ऐकू येतं. तेव्हा या घरात काय बोलायचं, ते आजपासून जपून बोला."

आतून खाकरण्याचा आवाज आला. भाऊ जागा झाला होता. कधीपासून, ते कुणालाच कळलं नाही.